आर्सेनाइट, कॅडमियम आणि पेशीतले ठिपके: धातू नेमकं काय गोळा करतो?

प्रश्न असा आहे. यू२ओएस आणि हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींना सोडियम आर्सेनाइट किंवा कॅडमियम क्लोराइड दिलं की जी३बीपी१ (आरएनए धरणारं प्रथिन) आणि युबिक्विटिन (नष्ट करायच्या प्रथिनांना लागणारी खूण) या दोन्हींच्या अँटिबॉडींनी पेशीत ठळक ठिपके दिसतात. आधी एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन हे ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन घातलं तर ते दिसत नाहीत. मग ‘जड धातूंमुळे ऑक्सिडेटिव्ह ताण येतो आणि त्यातून प्रथिनं साकळतात’ असं प्रबंधात लिहावं का? आणि भूजलातल्या आर्सेनिकमुळे होणाऱ्या आजारांशी याचा धागा जोडावा का?

दोन्ही वाक्यं इतक्यात लिहू नका. निरीक्षण चांगलं आहे, ठिपके खरे आहेत. अडचण आहे ती ‘प्रथिनं साकळतात’ या दोन शब्दांत. विषारी धातू दिल्यावर मानवी पेशीत दिसणारे ठिपके किमान चार वेगवेगळ्या जातींचे असतात, आणि प्रत्येक जातीत धातूचा हात वेगळ्या जागी असतो. कुठे धातू प्रथिनाला थेट धरून बसतो, तर कुठे तो ठिपक्याच्या आसपासही नसतो. हे न ओळखता एकच कारण लिहिलं, तर परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर उरत नाही.

जी३बीपी१चे ठिपके आधी घेऊ. ते जवळजवळ नक्कीच स्ट्रेस ग्रॅन्युल आहेत, म्हणजे ताणाच्या वेळी पेशीद्रवात जमणारे आरएनए आणि प्रथिनांचे तात्पुरते पुंजके. इथे आर्सेनिक प्रथिनांना एकमेकांना चिकटवत नाही. आर्सेनाइट पेशीत गेलं की एचआरआय नावाचं कायनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम, जागं होतं. हे कायनेज मुळात रक्तपेशींच्या पूर्वजांत हीम कमी पडल्यावर ग्लोबिनचं उत्पादन थांबवण्यासाठी ओळखलं गेलं, पण ते इतर पेशींतही असतं. ते प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या ईआयएफ२च्या ईआयएफ२-अल्फा या घटकाच्या ५१व्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट लावतं. फॉस्फेट लागलेला ईआयएफ२ त्याला पुन्हा चालतं करणाऱ्या ईआयएफ२बीला अडवून धरतो आणि नवीन प्रथिनांची सुरुवातच होत नाही. आधीच एमआरएनएवर धावत असलेले रायबोसोम आपलं काम संपवून उतरतात, मागे उघडा एमआरएनए राहतो. या उघड्या एमआरएनएला जी३बीपी१ आणि जी३बीपी२ धरतात, त्यांचं एकमेकांत जाळं होतं आणि द्रवातून द्रव वेगळा व्हावा तसे थेंब तयार होतात. टीआयए-१ हे आरएनए धरणारं दुसरं प्रथिन आणि ईआयएफ२-अल्फाचं फॉस्फेट यांचं ग्रॅन्युलशी असलेलं नातं नॅन्सी केडर्शा आणि पॉल अँडरसन यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं. आर्सेनाइटसाठी एचआरआयच लागतं हे २००५ मध्ये स्पष्ट झालं. ज्या उंदराच्या पेशींत ५१व्या सेरीनच्या जागी अ‍ॅलानीन बसवलेलं असतं, त्यांत आर्सेनाइट ओतलं तरी ग्रॅन्युल होत नाहीत. आणि २०१६ मध्ये असंही दिसलं की दोन्ही जी३बीपी काढून टाकलेल्या यू२ओएस पेशींत आर्सेनाइटने ग्रॅन्युल होत नाहीत, पण मीठ किंवा सॉर्बिटॉलने पाणी खेचलं की मात्र होतात.

म्हणजे या पुंजक्यांत धातूने फक्त वरची कळ दाबलेली असते. पुंजका जमतो तो आरएनए आणि आरएनए धरणाऱ्या प्रथिनांचा. त्यातली प्रथिनं बिघडलेली नसतात. फोटोब्लीचिंग करून, म्हणजे ठिपक्याची चमक लेझरने मालवून, पाहा: जी३बीपी१ काही सेकंदांत परत भरून येतं, कारण आतलं आणि बाहेरचं प्रथिन सतत अदलाबदल करत असतं. आर्सेनाइट धुऊन टाकलं की दोन-तीन तासांत बहुतेक ग्रॅन्युल विरून जातात. थिजलेलं तूप आणि नासलेलं दूध यांत जो फरक असतो तोच इथे आहे. तूप उबेला पुन्हा पातळ होतं, नासलेल्या दुधाचं पुन्हा दूध होत नाही. ‘साकळणं’ हा शब्द दुसऱ्यासाठी राखून ठेवा.

युबिक्विटिनचे ठिपके या दुसऱ्या जातीचे असण्याची शक्यता जास्त. इथे धातू खरोखर प्रथिनाच्या घडीत लुडबुड करतो. रायबोसोममधून नुकतीच बाहेर पडणारी साखळी अजून घडी घालून बसलेली नसते. तिची सिस्टीन, हिस्टिडीन उघडी असतात आणि रसायनशास्त्रात ‘मऊ’ म्हणवल्या जाणाऱ्या धातूंना सल्फर अतिशय प्रिय. कॅडमियम, पारा, शिसं यांचे आयन अत्यल्प प्रमाणातही परीक्षानळीत विकृत केलेल्या प्रथिनांची पुन्हा घडी होऊ देत नाहीत, हे झ्युरिकच्या संदीप शर्मा, फिलिप ख्रिस्टेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मार्कुस टामास यांच्या गटाने यीस्टमध्ये २०१२ मध्ये पाहिलं की आर्सेनाइटने गुठळ्या होतात त्या मुख्यतः त्याच वेळी तयार होत असलेल्या प्रथिनांच्या. प्रथिननिर्मिती थांबवली की गुठळ्याही कमी होतात. पुढे कॅडमियमसाठीही त्यांनी असंच चित्र दिलं. यीस्ट म्हणजे मानवी पेशी नव्हे, तिथे एचएसपी१०४सारखं गुठळ्या उलगडणारं यंत्र आहे जे आपल्या पेशीद्रवात नाही, त्यामुळे आकडे उचलून आणू नका. पण कारणाची दिशा तीच धरायला हरकत नाही.

घडी न झालेली प्रथिनं वाढली की पेशी जे करते ते तुमच्याच पेशींत पाहता येईल. एचएसपी७० आणि एचएसपी२७ वाढतात, कारण चॅपरोन (घडीला मदत करणारी प्रथिनं, एचएसपी त्यांतलीच) इकडे गुंतले की त्यांची जनुकं चालू करणारा एचएसएफ१ मोकळा होऊन केंद्रकात कामाला लागतो. युबिक्विटिन लावलेली प्रथिनं साठतात. पी६२ नावाचं प्रथिन त्यांना गोळा करतं. प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटिएसोमलाही मदत पाठवली जाते: आर्सेनाइटने वाढणारं एआयआरएपी नावाचं प्रथिन प्रोटिएसोमच्या टोपीला जाऊन चिकटतं. त्याच्याच कुळातलं झेडएफएएनडी१ तर पी९७ हे प्रथिनं उलगडणारं एन्झाइम आणि प्रोटिएसोम यांना थेट स्ट्रेस ग्रॅन्युलपाशी घेऊन येतं. ते नसलं तर आर्सेनाइटचे ग्रॅन्युल नीट साफ होत नाहीत, आणि त्यांत बिघडलेली प्रथिनं अडकून राहतात. हे २०१८ मधलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पहिल्या आणि दुसऱ्या जातीतली भिंत किती पातळ आहे ते त्यातून कळतं. ताण लांबला, चॅपरोन कमी पडले, तर अर्धवट राहिलेल्या नव्या साखळ्या ग्रॅन्युलमध्ये शिरतात आणि द्रव थेंब घट्ट होत जातो. एचएसपीबी८, बीएजी३ आणि एचएसपी७० यांची टोळी हे रोखते.

म्हणून तासाभराचा नमुना आणि बारा तासांचा नमुना एकाच आलेखात शेजारी ठेवून ‘ठिपके वाढले’ असं म्हणू नका. तासाभराचे ठिपके आणि बारा तासांचे ठिपके एक नसतात.

तिसरी जात केंद्रकातली, आणि मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटणारी. पीएमएल नावाचं प्रथिन केंद्रकात छोट्या गोल बॉडीज करून राहतं. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात १५व्या आणि १७व्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन पीएमएल-रारा हे जोडप्रथिन बनतं आणि या बॉडीज विस्कटून बारीक कणांसारख्या विखुरतात. चीनमधल्या हार्बिनमध्ये झांग तिंगदोंग आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमल, रुग्णांना दिला आणि रुग्ण बरे होऊ लागले. १९९० च्या दशकात शांघाय आणि पॅरिसच्या प्रयोगशाळांनी पेशीत काय होतं ते पाहिलं: आर्सेनिक दिलं की विखुरलेलं पीएमएल पुन्हा बॉडीजकडे गोळा होतं. २०१० मध्ये दोन गटांनी दाखवलं की आर्सेनिक पीएमएलच्या सिस्टीनना थेट बांधलं जातं. त्यांतली २१२ आणि २१३ क्रमांकाची सिस्टीन निर्णायक ठरली. त्यांच्याजवळच २१६ व्या जागी बदल झालेल्या रुग्णांत आर्सेनिक चालेनासं होतं. पुंजका जमल्यावर त्यावर सुमो हे युबिक्विटिनसारखं छोटं प्रथिन लागतं, सुमो पाहून आरएनएफ४ हे एन्झाइम युबिक्विटिन लावतं आणि शेवटी प्रोटिएसोम ते प्रथिन संपवतं. म्हणजे इथे पुंजका ही विषाची खूण नसून उपचाराचीच पहिली पायरी. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये विक्रम मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी फक्त आर्सेनिक ट्रायऑक्साइडवर रुग्णांना दीर्घकाळ रोगमुक्त ठेवल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध केलं.

यातून तुमच्या प्रयोगासाठी दोन गोष्टी घ्या. पीएमएलचा पुंजका १ मायक्रोमोलर आर्सेनिकलाही प्रतिसाद देतो, तर स्ट्रेस ग्रॅन्युलसाठी लोक सर्रास ५०० मायक्रोमोलर वापरतात. जिथे धातू थेट आणि नेमक्या जागी बसतो तिथे डोस शेकडो पटींनी कमी लागतो. दुसरं, धातू बदलला की उत्तर उलटं होऊ शकतं. आर्सेनिक पीएमएल बॉडीजमध्ये प्रथिन गोळा करतं. कॅडमियम दिल्यावर मात्र पीएमएल आणि तिथलंच डॅक्स हे प्रथिन त्या बॉडीजमधून बाहेर पडतात. ‘जड धातू’ असं एकत्रित लिहिलं की हा फरक पुसला जातो, आणि तोच तर तुमच्या प्रबंधाचा गाभा होऊ शकतो.

चौथी जात थोडक्यात. कॅडमियमने किंवा उष्णतेने ताण आला की मानवी पेशींच्या केंद्रकात एचएसएफ१ काही मोठ्या ठिपक्यांत जमतो. सॅटेलाइट-३ या पुनरावृत्त डीएनएवर त्या वेळी आरएनए बनायला लागतो आणि त्याभोवती हे ठिपके असतात. हे फक्त मानव आणि त्याच्या नातलग प्राण्यांतच दिसतात, उंदराच्या पेशीत शोधू नका. यांना गुठळ्या म्हणू नका आणि स्ट्रेस ग्रॅन्युलही म्हणू नका.

आता एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन. या विषयात सर्वांत जास्त घसरगुंडी इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नेहमीचा तर्क असा: एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन ऑक्सिडीकरण रोखतं, ते दिल्यावर ठिपके गेले, म्हणून ठिपक्यांचं कारण ऑक्सिडीकरण. पण एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन म्हणजे स्वतः एक थायॉल (सल्फर-हायड्रोजन गट असलेला रेणू) आहे, आणि त्रिसंयुजी आर्सेनिक तीन थायॉलना एकाच वेळी धरू शकतं. तुम्ही ५ मिलिमोलर एन-अ‍ॅसिटिल सिस्टीनमध्ये ०.५ मिलिमोलर आर्सेनाइट ओतलं, तर बाटलीतच आर्सेनिकभोवती दहापट थायॉल उभे आहेत. पेशीत पोचण्याआधीच बरंचसं आर्सेनिक बांधलं गेलं. ठिपके गेले ते विषच कमी झालं म्हणून, की ऑक्सिडीकरण थांबलं म्हणून, हे या प्रयोगातून कळत नाही. पेशीत पोचलेलं एन-अ‍ॅसिटिल सिस्टीनही ग्लुटाथायोन हा पेशीचा स्वतःचा थायॉल वाढवतं, आणि ग्लुटाथायोन पुन्हा आर्सेनिकला बांधून बाहेर पाठवायला मदत करतं. कॅडमियमच्या बाबतीतही हीच अडचण, कारण तोही सल्फरचा लोभी. ब्युथियोनीन सल्फॉक्सिमीनने ग्लुटाथायोन घटवून पाहिलं तरी शंका सुटत नाही: ग्लुटाथायोन घटलं म्हणजे ऑक्सिडीकरण वाढलं आणि मोकळा धातूही वाढला.

दुसरी खूण याहून बोलकी आहे. यू२ओएस पेशींना नुसतं हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं तरी ग्रॅन्युल होतात, पण ते ईआयएफ२-अल्फाच्या फॉस्फेटवर अवलंबून नसतात, आणि त्यांची घडणही आर्सेनाइटच्या ग्रॅन्युलसारखी नसते. सेलेनाइटचंही काहीसं असंच, ते ४ई-बीपी१ या वेगळ्या प्रथिनाच्या वाटेने प्रथिननिर्मितीची सुरुवात अडवतं. आर्सेनाइट जर फक्त ऑक्सिडीकरणातून काम करत असतं, तर त्याचे ग्रॅन्युल पेरॉक्साइडच्या ग्रॅन्युलसारखे दिसायला हवे होते. तसे ते नाहीत. ऑक्सिडीकरण होतंच नाही असं मी म्हणत नाही. आर्सेनाइट थायोरेडॉक्सिन आणि ग्लुटाथायोनची व्यवस्था बिघडवतं, मायटोकाँड्रियातल्या लिपोइक आम्लाच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन थायॉलना पकडतं, हे सगळं खरं. पण थायॉलला धरणं हे पहिलं पाऊल आहे आणि ऑक्सिडीकरण त्याच्या अनेक परिणामांपैकी एक.

म्हणून एन-अ‍ॅसिटिल सिस्टीनचा प्रयोग ठेवा, पण त्यासोबत हे करा: पेशींना आधी एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन द्या, मग मीडियम पूर्ण बदलून नंतर आर्सेनाइट द्या. त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं, ते उदासीन करूनच वापरा, नाहीतर पीएच घसरल्याचा परिणाम तुम्ही ‘संरक्षण’ म्हणून मोजाल. थायॉल नसलेला अँटिऑक्सिडंट, उदाहरणार्थ ट्रोलॉक्स, समांतर चालवा. आणि शक्य असेल तिथे आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्राने पेशीच्या आत गेलेलं आर्सेनिक मोजा. आत गेलेला धातू सारखा असून ठिपके कमी झाले, तरच ऑक्सिडीकरणाबद्दल बोलायला जागा होते.

ठिपक्याची जात ओळखण्यासाठी लोक पहिल्यांदा सायक्लोहेक्झिमाइड वापरतात. वापरा, पण एकट्याच्या जोरावर निष्कर्ष काढू नका. सायक्लोहेक्झिमाइड रायबोसोमना एमआरएनएवरच गोठवतं, एमआरएनए उघडा पडत नाही, म्हणून स्ट्रेस ग्रॅन्युल जातात. पण ते नवीन प्रथिनंही बंद करतं, म्हणून ताज्या साखळ्यांच्या गुठळ्याही कमी होतात. दोन्ही जातींत एकच उत्तर! प्युरोमायसिनचं तसंच, फक्त उलट दिशेने: रायबोसोम सोडवल्याने ग्रॅन्युल वाढतात आणि अर्धवट तुटलेल्या साखळ्यांनी गुठळ्याही. फरक करतं ते इसरिब हे रसायन. ते ईआयएफ२बीला पुन्हा चालतं करतं, प्रथिननिर्मिती सुरू होते, ग्रॅन्युल विरतात, आणि घडी न होणाऱ्या साखळ्यांचा पुरवठा उलट चालू राहतो. इसरिब दिल्यावर जी३बीपी१चे ठिपके गेले आणि युबिक्विटिनचे राहिले किंवा वाढले, तर दोन जाती एकाच पेशीत वेगळ्या करून दाखवल्याचं समाधान मिळेल. एवढंच लक्षात ठेवा की फॉस्फेट लागलेला ईआयएफ२ फार साचला की इसरिबचा जोर चालत नाही. त्यासाठी आर्सेनाइट ५० ते १०० मायक्रोमोलरच्या आसपास ठेवून पाहा.

हेक्झेनडायॉलने द्रव आणि घन वेगळे करण्याची पद्धत मला पेशींत फारशी विश्वासार्ह वाटत नाही. ते पेशीचं आवरण आणि सांगाडा दोन्ही बिघडवतं, आणि जरा जास्त वेळ ठेवलं तर स्वतःच ग्रॅन्युलसारखे पुंजके घडवतं. त्यापेक्षा धुऊन पाहणं आणि फोटोब्लीचिंग ही जोडी बरी. त्यातही जी३बीपी१ला जीएफपी जोडून भरमसाट व्यक्त करू नका. जास्त झालेलं जी३बीपी१ कोणत्याही धातूशिवाय ग्रॅन्युल करतं. शक्य तर मूळ जनुकालाच जोडलेला टॅग वापरा, नाहीतर निदान धातू न दिलेल्या कंट्रोलमध्ये किती पेशींना ठिपके आहेत ते त्याच चित्रात दाखवा.

पेशी फोडून (लायसेट करून) विरघळणारा आणि न विरघळणारा भाग वेगळा करणार असाल, तर बफरमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल ही थायॉल रसायनं घालण्याआधी थांबा. त्यांनी आर्सेनिक आणि सिस्टीनचं बंधन सुटतं आणि जे पाहायचं तेच नाहीसं होतं. पेशी फोडताना एन-इथाइलमॅलेइमाइडने मोकळे थायॉल झाकून घ्या, डीटीटीविना आणि डीटीटीसह असे दोन नमुने जेलवर शेजारी चालवा. फक्त पहिल्यात वर चढलेली पट्टी दिसली, तर तिथे डायसल्फाइड किंवा धातूचा पूल आहे असं म्हणता येतं. साध्या ट्रायटन डिटर्जंटमध्ये न विरघळणं म्हणजे प्रथिन बिघडलं असं नव्हे: आर्सेनिक दिल्यावर पीएमएलही न विरघळणाऱ्या भागात जातं, आणि ते बिघडलेलं नसतं. आणि पी६२ वाढलेलं दिसलं तर ते जास्त बनल्यामुळे की ऑटोफॅजी (पेशीची स्वतःचा कचरा पचवण्याची वाट) अडल्यामुळे, हे ती वाट अडवणाऱ्या बॅफिलोमायसिनचा नमुना समांतर असल्याशिवाय सांगता येत नाही. आर्सेनाइट दोन्ही करतं: केईएपी१ या प्रथिनाच्या थायॉलला धरून त्याने अडवलेला एनआरएफ२ मोकळा करतं, त्याने पी६२चं जनुक जोरात चालतं, आणि दुसरीकडे ऑटोफॅजीचा प्रवाहही मंदावतो.

डोसचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण अर्धे घोळ तिथेच होतात. सोडियम आर्सेनाइटचा स्टॉक महिनोन्‌महिने फ्रिजमध्ये ठेवला तर त्यातलं आर्सेनाइट हळूहळू आर्सेनेट होतं. आर्सेनेट फॉस्फेटच्या वाटेने आत जातं, फॉस्फेटची नक्कल करतं, थायॉलला तसं धरत नाही, आणि मीडियममध्ये फॉस्फेट भरपूर असल्याने आतही कमी जातं. मग ‘गेल्या वर्षी ग्रॅन्युल होत होते, आता होत नाहीत’ अशी तक्रार येते आणि बिचाऱ्या अँटिबॉडीला दोष लागतो. ताजा स्टॉक करा, छोट्या भागांत गोठवा.

धातू पेशीत कसा शिरतो हेही प्रत्येकाचं वेगळं. आर्सेनाइट आपल्या शरीराच्या पीएचला भाररहित असतं, ते अ‍ॅक्वाग्लिसरोपोरिन या जलमार्गांतून आणि ग्लुकोजच्या वाहकांतून जातं. कॅडमियम जस्त आणि मँगनीजच्या वाहकांतून, झेडआयपी८ आणि झेडआयपी१४सारख्यांतून, चोरवाटेने येतं. मेथिलमर्क्युरी सिस्टीनशी जोडून मेथिओनीनच्या रूपात लॅट१ या अमिनो आम्लांच्या वाहकातून आत घेतलं जातं. म्हणून हेला आणि यू२ओएसमध्ये एकाच डोसला वेगळा प्रतिसाद आला तर तो जीवशास्त्रीय फरक समजण्याआधी आत गेलेला धातू मोजा. कॅडमियमच्या बाबतीत मेटॅलोथायोनीनही लक्षात घ्या: त्याच्या एका रेणूत २० सिस्टीन असतात आणि तो ७ द्विसंयुजी आयन धरून ठेवतो. आधी थोडं जस्त किंवा थोडं कॅडमियम लागलेल्या पेशी मेटॅलोथायोनीन वाढवून बसतात आणि पुढचा मोठा डोस पचवतात. सीरमची बॅच बदलली की त्यातलं जस्त बदलतं, अल्ब्युमिन बदलतं, आणि तुमचा ‘तोच डोस’ तो राहत नाही. शिसं तर मीडियममधल्या फॉस्फेटबरोबर साक्याच्या रूपाने खाली बसतं. त्याचे कण पेशींवर पडून चमकले की तेही ठिपके म्हणून मोजले गेलेले मी पाहिले आहेत. प्लेटच्या पेशी नसलेल्या खळग्यात तोच मीडियम, तोच धातू, तीच रंगाई ठेवा, प्रश्न मिटतो.

मेथिलमर्क्युरी कधी घेतलंत तर आणखी एक लक्षात असू द्या. ते ट्युब्युलिनच्या थायॉलना धरून मायक्रोट्युब्युल तोडतं. बिघडलेली प्रथिनं केंद्रकाजवळ ओढून आणणारा अ‍ॅग्रेसोम मायक्रोट्युब्युलवरच अवलंबून असतो. तेव्हा मोठा गोळा दिसला नाही म्हणून बिघाड नाही असं ठरवू नका. गुठळ्या बारीक आणि विखुरलेल्या असतील.

पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून आणल्या असतील तर त्यांची ओळख खात्रीची असते, पण नंतर आपल्या इन्क्युबेटरमध्ये मायकोप्लाझ्मा हा जीवाणू शिरला आहे का हे आपणच तपासायचं असतं. आणि कृपा करून आर्सेनिक, कॅडमियमचं मीडियम सिंकमध्ये ओतू नका. वेगळी बाटली, वर ठळक लेबल, आणि ती संस्थेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडेच जायला हवी. ज्या विषाचा अभ्यास आपण करतो ते आपल्या हाताने गटारात जाता कामा नये.

आता भूजल. पश्चिम बंगालमध्ये के. सी. साहा यांनी १९८३ च्या सुमारास त्वचेवरच्या डागांवरून नलिकाकूपांतल्या आर्सेनिकचा छडा लावला. त्यानंतर गंगेच्या खोऱ्यात आणि बांगलादेशात केवढं मोठं संकट आहे ते जगाला कळलं. तुमच्या मनात तो विषय आहे याचा मला आनंद आहे, पण आकडे समोर ठेवा. ०.५ मिलिमोलर आर्सेनाइट म्हणजे लिटरमागे सुमारे ३७.५ मिलिग्रॅम आर्सेनिक. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१३ मायक्रोमोलर. तुमच्या प्लेटच्या खळग्यातलं द्रावण त्या मर्यादेच्या साडेतीन हजार पटींहून जास्त आहे, आणि ते एक तास दिलेलं आहे. बाधित गावातल्या पाण्यात लिटरमागे ३०० मायक्रोग्रॅम असलं तरी ते ४ मायक्रोमोलर भरतं. ते माणूस वर्षानुवर्षं पितो, यकृत एएस३एमटी या एन्झाइमने त्याला मेथिल गट लावतं, आणि मधल्या पायरीवरची त्रिसंयुजी मेथिल रूपं मूळ आर्सेनाइटपेक्षा विषारी असतात. तुमच्या यू२ओएसमध्ये हे यकृताचं काम जवळजवळ होत नाही.

त्यामुळे तासाभराच्या स्ट्रेस ग्रॅन्युलवरून त्वचेच्या डागांचं किंवा मूत्राशयाच्या कर्करोगाचं स्पष्टीकरण देता येत नाही. हा धागा जोडायचाच असेल तर प्रयोगच दुसरा हवा. ०.१ ते ५ मायक्रोमोलरच्या टप्प्यात, काही आठवडे, मीडियम ठरल्या दिवशी बदलत, त्वचेच्या केरॅटिनोसाइट किंवा मूत्रमार्गाच्या अस्तराच्या पेशींत. तिथे जी३बीपी१ बहुधा शांत असेल. पाहायचं ते असं: जस्ताची बोटं (झिंक फिंगर, म्हणजे जस्ताच्या आयनाभोवती घडी घातलेले भाग) असलेल्या प्रथिनांत जस्त जागेवर आहे का? आर्सेनाइट विशेषतः तीन किंवा चार सिस्टीनच्या जस्तबोटांत शिरतं, पीएआरपी-१ त्यांतलंच, आणि ते डीएनए दुरुस्तीत असतं. पीएमएल बॉडीजची संख्या आणि आकार बदलतो का? एचएसपी७० सतत थोडं चढलेलं राहतं का? आणि अशा पेशींना नंतर थोडा उष्णतेचा ताण दिला, तर त्यांचे ग्रॅन्युल वेळेवर विरतात का? शेवटचा प्रश्न मुद्दाम उष्णतेचा घेतला आहे. २०२१ मधल्या कामांनुसार उष्णतेचे ग्रॅन्युल साफ व्हायला युबिक्विटिन लागतं, आर्सेनाइटचे साफ व्हायला ते तसं लागत नाही. तेव्हा कमी आर्सेनिकवर आठवडे काढलेल्या पेशीची युबिक्विटिनची व्यवस्था थकली असेल, तर ती उष्णतेच्या ग्रॅन्युलमध्ये आधी दिसायला हवी.

सध्याच्या प्रबंधासाठी मात्र एवढं लिहा: अमुक पेशीत, अमुक डोसला, अमुक वेळेत जी३बीपी१चे पुन्हा विरणारे पुंजके होतात आणि ते इसरिबने जातात, युबिक्विटिनचे पुंजके उशिरा येतात, धुऊनही राहतात, कॅडमियमचं वेळापत्रक आर्सेनाइटपेक्षा असं असं वेगळं आहे. इसरिबची प्लेट आणि धुतलेली प्लेट आधी लावा, ऑक्सिडीकरणाचा परिच्छेद त्यांचे निकाल आल्यावर लिहायला घ्या.